काटेरी तारेआडचा दवाखाना



आजवर या व्याख्यानमालेत संतसाहित्याचे अभ्यासक बोलून गेले, कवी बोलून गेले. यंदा मंडळाने एका होमिओपॅथीच्या डॉक्टरला उभे केले आहे. साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणारा हा माणूस महायुद्धावर काय बोलणार, अशी शंका तुमच्या मनात आली असेल तर ती रास्तच आहे. म्हणून आधीच सांगतो, रणांगण हा माझा विषय नाही. रणांगणाच्या मागे, एका दवाखान्याच्या फाटकाशी १९१५ साली जे घडले, ते मी सांगणार आहे. त्यातला मुख्य माणूस सैन्याबरोबर गेलेला एक मराठी डॉक्टर आहे. त्याची लढाई शत्रूशी झाली नाही. ती आपल्याच सैन्याच्या पहाऱ्याशी झाली.

पहिल्या महायुद्धाचा आणि आपल्या भागाचा काय संबंध, असे तरुण मंडळी विचारतील. दिल्लीत तीन मूर्ती नावाचा चौक आहे. तिथले तीन ब्राँझचे सैनिक जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या तीन संस्थानांच्या लान्सर पलटणींचे आहेत. त्या वेळी बीदर आणि गुलबर्गा निजामाच्या राज्यात होते. म्हणजे त्या तिघांतला एक आपल्या राज्याचा. सिनाई आणि पॅलेस्टाइनच्या वाळूत ही मंडळी लढली. सगळ्या हिंदुस्थानातून त्या युद्धासाठी सुमारे १३ लाख माणसे बाहेर पडली. त्यांतली सुमारे १ लाख ३८ हजार एकट्या फ्रान्सच्या आघाडीवर गेली. पुण्याजवळच्या खडकीचे बॉम्बे सॅपर्स त्यांत होते. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव्ह शापेल या गावी त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या शिखांच्या बरोबरीने घरोघर लढल्या. त्यांचा एकही गोरा अधिकारी त्या दिवशी धड परतला नाही. कोणी मेले, उरलेले जखमी झाले.

आता लढाईच्या मागची बाजू पाहू. आघाडी म्हटले की खंदक, तोफा आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण आघाडीच्या मागे पिछाडी असते. तिथे कोठारे, रेल्वेचे फाटे, स्वयंपाकाच्या भट्ट्या, इस्पितळे आणि बऱ्या झालेल्यांना परत कवायतीला जुंपणारे तळ असतात. या पिछाडीवर राज्य असते ते लष्करी पोलिसांचे. पास बघणे, रस्त्यावरची वाहतूक लावणे, पळालेल्यांना धरणे, कोणी कुठे जायचे आणि कुठे नाही हे ठरवणे, हे त्यांचे काम. काम गरजेचे आहे, हे मला मान्य आहे. लाखो माणसे एका ठिकाणी असली की कोणीतरी शिस्त लावावीच लागते. पण खंदकातून आलेल्या माणसाच्या डोळ्यांनी बघा. मी मरणाच्या तोंडातून आलो, आणि तिथे कधी न गेलेला एक जण मला विचारतो, तुझा पास कुठे आहे? तो राग जगातल्या प्रत्येक सैन्यात सापडतो.

फ्रान्समध्ये जखमी झालेले हिंदी सैनिक बोटीने इंग्लंडला नेत. त्यांची मोठी सोय दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटन शहरात होती. तिथे रॉयल पॅव्हिलियन नावाचा राजवाडा आहे. राजपुत्र असताना चौथ्या जॉर्जने तो हौसेने वाढवला आणि जॉन नॅश या वास्तुविशारदाने त्याला घुमट, मिनार चढवून हिंदुस्थानी थाट दिला. डिसेंबर १९१४ मध्ये त्या झुंबरांखाली आपल्या जखमी जवानांच्या खाटा पडल्या. व्यवस्था अशी चोख की आजच्या मोठ्या इस्पितळानेही धडा घ्यावा. जातीधर्माचे पथ्य सांभाळायला नऊ स्वयंपाकघरे होती. हिंदू आणि मुसलमान यांच्या पिण्याच्या पाण्याचे नळ वेगळे होते. जे हिंदू आणि शीख दगावले त्यांना शहराबाहेरच्या टेकडीवर रीतसर अग्नी दिला. त्या ५३ जणांच्या आठवणीची संगमरवरी छत्री १९२१ पासून तिथे उभी आहे. मुसलमान जवानांचे दफन वोकिंगच्या मशिदीजवळ होत असे. राजा आणि राणी विचारपूस करायला आले. २५ ऑगस्ट १९१५ रोजी जमादार मीर दस्त यांना त्या राजवाड्याच्या आवारात राजाच्या हातून व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या सगळ्याची छायाचित्रे निघाली, पोस्टकार्डे छापली गेली, गुरुमुखी आणि उर्दूत माहितीपुस्तिकाही निघाली. साम्राज्य आपल्या शिपायाची कशी काळजी घेते, हे हिंदुस्थानात गावोगाव कळावे, असा त्यामागचा हेतू होता.

काळजी खोटी नव्हती. अनेक जवानांनी घरी लिहिले की इथे स्वर्ग आहे. ब्रायटनचे लोकही आपुलकीने वागले. कुंपणापाशी गर्दी करीत, भेटी देत.

पण ब्रायटनमध्ये याहून मोठे असे दुसरे इस्पितळ होते. ते गावातल्या टेकडीवर होते. मुळात ती इमारत गोरगरिबांच्या वर्कहाउसची, म्हणजे सरकारी गरीबखान्याची. तिथल्या माणसांना दुसरीकडे हलवून १९१५ च्या सुरुवातीला तिथे दोन हजारांच्या आसपास खाटांचे इस्पितळ उघडले आणि त्याला युद्धमंत्री किचनर यांचे नाव दिले. प्रमुख होते इंडियन मेडिकल सर्व्हिसचे कर्नल सर ब्रूस सेटन. पोस्टकार्डांवर पॅव्हिलियनच्या झुंबरांना मान मिळाला. या इमारतीभोवती मात्र काटेरी तार आली.

कर्नल सेटन यांनी भिंतींना काटेरी तार लावली, फाटकांवर पहारेकरी ठेवले, लष्करी पोलीस नेमले. बरे होत आलेल्या हिंदी जवानाला बाहेर जायचे तर एकट्याने जाता येत नसे. गटाने आणि कोणाच्यातरी नजरेखाली जावे लागे. हा नियम फक्त जवानांना नव्हता. इस्पितळात काम करणारे हिंदी कारकून, भांडारपाल आणि डॉक्टर यांच्यावरही त्याचा जाच होता. कारण काय? सेटन यांनी १९१६ साली आपला अहवाल लिहिला, त्यात ते स्पष्टच आहे. गावातल्या गोऱ्या स्त्रिया आणि हिंदी पुरुष यांची सलगी वाढली तर मोठा बभ्रा होईल, अशी त्यांना धास्ती होती. हिंदुस्थानात साहेबाचा जो दरारा होता तो गोऱ्या बाईच्या अंतरावर उभा होता. ते अंतर ब्रायटनच्या बाजारात पुसले गेले तर मुंबई-कलकत्त्याला काय होईल, ही खरी काळजी. त्याच शहरात जखमी गोरा शिपाई इस्पितळाचा निळा पोशाख घालून समुद्रकाठी फिरत होता.

तिथल्या एका हिंदी भांडारपालाने घरी कळवले की आम्हाला इथे कैद्यासारखे वागवतात, चारी बाजूंना तार आहे आणि दारोदार पहारा, हे आधी ठाऊक असते तर आलोच नसतो. किचनर इस्पितळाला तुरुंग म्हणण्याचा प्रघातच त्यांच्यात पडला होता.

आता आपण त्या मराठी डॉक्टरकडे येऊ. इंग्रजी कागदांत त्यांचे नाव जगू गोडबोले असे येते. हुद्दा सब-असिस्टंट सर्जन. हा हुद्दा समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. त्या काळी लष्करी वैद्यकीय खात्यात तीन पायऱ्या होत्या. वर राजाची सनद असलेले आयएमएसचे अधिकारी, बहुतेक गोरे. मधे असिस्टंट सर्जन, बहुतेक युरोपियन किंवा अँग्लो-इंडियन. सगळ्यांत खाली सब-असिस्टंट सर्जन, आपली माणसे. पूर्वी यांना हॉस्पिटल असिस्टंट म्हणत. पुण्याच्या, ससूनला लागून असलेल्या बी. जे. मेडिकल स्कूलसारख्या शाळांतून शिकून ते बाहेर पडत. हातात स्टेथोस्कोप असे, रोगी त्यांना डॉक्टरसाहेब म्हणे, जखमा धुणे, पट्ट्या बांधणे, रात्री जागणे त्यांच्याच वाट्याला येई. पण दप्तरात ते पूर्ण डॉक्टर नसत. आम्हा बी.एच.एम.एस. मंडळींना या स्थितीची थोडीफार कल्पना आहे. रोगी डॉक्टर म्हणतो आणि काही ठिकाणी तुम्ही डॉक्टर आहात का, असेही विचारले जाते. त्यामुळे गोडबोले यांच्याविषयी वाचताना माझे लक्ष पिस्तुलाच्या आधी हुद्द्याकडे गेले.

१९१५ साली या गोडबोले यांनी कर्नल सेटन यांना गोळी घालण्याचा प्रयत्न केला. बाहेर जाण्यावरच्या बंदीचा संताप त्यामागे होता. सेटन वाचले. गोडबोले यांचे कोर्टमार्शल झाले आणि सात वर्षांची सक्तमजुरी झाली.

एका ओळीत ही घटना संपते. आपल्याकडे अशा ओळीचे दोन प्रकारे काहीतरी होते. एक तर आपण तिला विसरतो, नाहीतर तिचा पोवाडा करतो. गोडबोले यांना क्रांतिकारक म्हणावे, चौकाला नाव द्यावे, असा मोह होणे साहजिक आहे. मला त्या वाटेने जायचे नाही. आपल्या घरात अहिंसा हा सणावाराचा शब्द नाही, रोजच्या जेवणाचा नियम आहे. आणि डॉक्टर म्हणून तर मी निःसंशय सांगतो, दवाखान्याच्या आवारात एका वैद्याने दुसऱ्या वैद्यावर हत्यार उचलणे याचे समर्थन होऊ शकत नाही. पण निषेध करून मोकळे झाले की काम संपले, असेही नाही. रोगी ओरडतो तेव्हा ओरडू नको म्हणावे, आणि मग कुठे दुखते तेही बघावे.

दुखणे कुठे होते ते कळायला कर्नल सेटन यांच्याकडेच पुन्हा बघावे लागते. या माणसाला खलनायक ठरवणे सोपे होते, पण कागद तसे करू देत नाहीत. फ्रान्समध्ये थंडी पडू लागली तशी गोऱ्या अधिकाऱ्यांत कुजबुज सुरू झाली होती की हिंदी शिपाई मुद्दाम स्वतःच्या हातावर गोळी मारून घेतात आणि आघाडीवरून सुटतात. हातांच्या जखमा फार येत होत्या हे खरे. याच सेटन यांनी १९१५ साली आपल्याकडे आलेल्या एक हजार जखमा एकेक करून तपासल्या. गोळी कुठून शिरली, कुठून निघाली, किती अंतरावरून आली, हे पाहिले. आणि निष्कर्ष दिला की या आरोपाला पुरावा नाही. त्या एका अहवालाने हजारो जवानांच्या इभ्रतीवरचा डाग पुसला. हे काम उत्तम वैद्याचे आहे, त्याला आपण नमस्कारच केला पाहिजे.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. जखम तपासताना या माणसाने ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवला नाही, पुरावा मागितला. फाटकाला तार लावताना मात्र त्याने पुरावा मागितला नाही. हे बाहेर गेले तर भानगडी होतील, ही ऐकीव भीती त्याला पुरेशी वाटली. जखमी हाताच्या बाबतीत प्रत्येक जवान वेगळा होता. पायाने बाहेर पडण्याच्या बाबतीत सगळे हिंदी एकच झाले, मग तो शिपाई असो, भांडारपाल असो की डॉक्टर. गोडबोले यांचा अपमान इथे होता, असे मला वाटते. रात्रभर ज्याच्या हवाली तुम्ही वॉर्ड करता, त्याला सकाळी एकट्याने समुद्र बघायला जाण्याइतका भरवसा देत नाही.

पिछाडीवरच्या पोलिसांचा जाच फक्त हिंदी लोकांनाच होता असे समजू नका. फ्रान्सच्या किनाऱ्यावर एताप्ल नावाचा ब्रिटिशांचा प्रचंड तळ होता. आघाडीवरून आलेल्या, जखमा भरलेल्या जुन्या शिपायांनाही तिथे पुन्हा नव्या भरतीसारखी कवायत करावी लागे. ९ सप्टेंबर १९१७ रोजी हीली नावाच्या न्यूझीलंडच्या एका तोफखान्याच्या शिपायाला तिथल्या तळावरच्या पोलिसांनी पुलापाशी धरले. पोरे जमली. रीव्ह नावाच्या पोलिसाने गोळी झाडली आणि कॉर्पोरल वुड हा स्कॉटिश जवान मारला गेला. मग हजारभर शिपाई पोलिसांच्या मागे गावभर धावले. काही दिवस तळ कोणाचेच ऐकेना. शेवटी बाहेरून पलटण आणून शांतता करावी लागली. रीव्हला एक वर्षाची कैद झाली. जमावाला चिथावल्याबद्दल जेसी शॉर्ट या कॉर्पोरलला ४ ऑक्टोबरला गोळी घातली. तळाचा प्रमुखही बदलला गेला.

ब्रायटन आणि एताप्ल यांत एक फरक आहे. एताप्लला हजारांचा जमाव होता, म्हणून वरच्यांना विचार करावा लागला. किचनर इस्पितळात गोडबोले एकटे पडले. जमावाचा राग हा सरकारला प्रश्न वाटतो, एकट्याचा राग हा त्याचा स्वभावदोष ठरतो. दोन्हींचे कारण मात्र एकच होते. माणसाला अडवले याहून, का अडवले हे कोणी त्याला माणूस समजून सांगितले नाही, याचा तो राग होता.

आपल्याला हे कळायला ब्रायटनला जायची गरज नाही. आपली अर्धी सोयरीक उदगीर, देगलूर, लातूरकडे. २०२१ साली करोनाच्या काळात महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्यांकडे तपासणीचा दाखला मागत होते. आपल्यापैकी कित्येक जण लग्नाला, मयतीला जाताना नाक्यावर थांबले असतील. नियम रोगासाठी होता आणि वैद्य म्हणून मला तो पटत होता. पण एकाच नाक्यावर दोन प्रकारचे शिपाई असत. एक म्हणायचा, आजी, असा असा नियम आहे, दाखला नसेल तर इथून पुढे सोडता येत नाही, पाणी घ्या, बसा. दुसरा नुसता काठीने मागे फिरण्याची खूण करायचा. नियम तोच, पण दुसऱ्याच्या नाक्यावरून परतलेल्या माणसाचे रक्तदाब मोजायची वेळ माझ्यासारख्यांवर यायची.

आमच्या शास्त्राचे जनक हानेमान यांनी १७९२ साली जर्मनीत गेओर्गेनथाल येथे क्लोकेनब्रिंग नावाच्या एका मोठ्या अधिकाऱ्यावर उपचार केले. त्या गृहस्थांना वेड लागले होते. त्या काळी वेड्याला साखळदंडाने बांधत, चाबकाने मारत. हानेमान यांनी साखळी वापरली नाही, मारहाण केली नाही. आधी काही दिवस नुसते निरीक्षण केले. रोगी बरा झाला. होमिओपॅथीच्या गोळीवर तुमचा विश्वास असो वा नसो, एवढे तरी पटेल की कोंडून ठेवलेला माणूस आणि बरा होत असलेला माणूस या दोन वेगळ्या अवस्था आहेत. इस्पितळ जेव्हा एकाच माणसाला दोन्ही करू पाहते, तेव्हा औषधाचा निम्मा गुण तारेत अडकतो.

सेटन यांच्या पुढच्या आयुष्याची एक नोंद विचार करायला लावणारी आहे. निवृत्तीनंतर त्यांनी स्कॉटलंडच्या इतिहासात लक्ष घातले. १७४५ साली इंग्रज राजाविरुद्ध उठलेल्या आणि पकडल्या गेलेल्या स्कॉटिश बंडखोर कैद्यांची त्यांनी एका सहकारी बाईंबरोबर नावनिशीवार यादी केली. ती १९२८-२९ मध्ये तीन खंडांत छापली गेली. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या प्रत्येक कैद्याचे नाव, गाव, वय, पुढे त्याचे काय झाले, सगळे शोधून काढले. आपल्या लोकांच्या कैद्यांची नावे जपावीत, हे त्यांना फार चांगले कळत होते.

आणि इथे मी आपल्याकडे, या मंडळाकडे येतो. आपल्या लोकांची नावे कोणी जपली? त्या युद्धातल्या हिंदी सैनिकांची पत्रे बोलोनच्या टपाल कचेरीत सेन्सॉर वाचत. हवालदिल करणारा मजकूर असला तर तो बाजूला काढून इंग्रजीत उतरवत. सैनिकही हुशार. काळी मिरी संपली, आता लाल मिरची वापरतात, असे लिहून हिंदी पलटणी खपल्या आणि गोऱ्या पलटणी आल्या हे कळवत. ही पत्रे आज आपल्याला वाचायला मिळतात ती बहुतेक त्या सेन्सॉरच्या इंग्रजी अनुवादातूनच. मूळ पंजाबी, उर्दू, मराठी शब्द गेले. म्हणजे ब्रायटनच्या तारेआडून मराठी माणसाने पुण्याला किंवा सातारला काय लिहिले असेल, ते आज आपण इंग्रजीत वाचायचे आणि मराठीत मनातल्या मनात परत आणायचे. साहित्याच्या संस्थेला यापेक्षा जवळचा विषय कुठला?

आपल्या घरांत जुन्या पत्र्याच्या पेट्या आहेत. त्यांत जमिनीचे कागद आपण जपून ठेवतो, कारण त्यांची किंमत कळते. पण त्याच पेटीत मोडीतले एखादे पोस्टकार्ड असेल, पलटणीतून सुटल्याचा दाखला असेल, निजामाच्या फौजेतल्या कोणा आजोबांचा बिल्ला असेल, पोलीस ॲक्शनच्या दिवसांतली कोणाची चिठ्ठी असेल. वाचता येत नाही म्हणून ते बंबात घालू नका. मोडी वाचणारी माणसे अजून आहेत. त्यांच्याकडून वाचून घ्या, देवनागरीत उतरवून ठेवा, आणि कागदावर लिहिणाऱ्याचे नाव, गाव, नाते लिहा. मंडळाने त्यासाठी वर्षातून एक दिवस जरी ठेवला तरी मी माझ्या दवाखान्याची बाके त्या दिवशी आणून देईन.

आणि दुसरी विनंती नाक्यावर, फाटकावर, खिडकीवर बसणाऱ्या सगळ्यांना आहे. आपली मुले आता पोलिसांत आहेत, सैन्यात आहेत, इस्पितळांत आहेत. घरच्या जेवणाच्या वेळी त्यांना गोडबोले यांची गोष्ट सांगा. पिस्तूल उचलणे चूक होते, हेही सांगा. आणि ते उचलले जाण्याआधी एखाद्या सकाळी कोणी त्यांना, डॉक्टर, तुम्ही जाऊन या, संध्याकाळी हजेरीला परत या, एवढे म्हटले असते तर, याचाही विचार करायला सांगा.